दुर्बिणीतली लॉटरी

लॉटरीचा आकडा फुटण्याआधी तो मला दिसतो. जरा तिरका दिसतो, त्यामुळे तिकीट शेजारच्या आकड्याचं घेतलं जातं, एवढाच काय तो फरक. नव्वदच्या दशकात नाशिकच्या द्वारका चौकात ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून स्कूटरचं सीट कव्हर शिवून घेतलं, त्यांना विचारून बघा. ते काही सांगणार नाहीत म्हणा. लोक हेव्यापोटी गप्प बसतात.

सीट कव्हर शिवणं म्हणजे नक्षीचा धंदा. शंकरपाळ्यांची नक्षी, पट्ट्यांची नक्षी, मधे गोल आणि भोवती झालर. दिवसभर रेक्झिनवर हेच करणाऱ्या माणसाला मग सगळीकडेच नक्षी दिसायला लागते. मला ती गर्दीतही दिसायची, आणि गर्दीची आमच्याकडे टंचाई नव्हती. द्वारकेच्या चौकात एखादी गाभण म्हैस सकाळी पुणे रोडच्या बाजूने रस्ता ओलांडायला निघाली, तर आग्रा रोडला पोचेपर्यंत तिच्यामागून रेडकू चालत असायचं. मी स्वतः पाहिलंय. रेडकाने मला ओळखही दिली होती.

तो कागदी तिकिटांचा जमाना होता. तिकिटाचा शेवटचा आकडा जुळला तरी काहीतरी पदरात पडायचं. देवळ्याकडून कांदा घेऊन येणारे ट्रक माझ्या दुकानावरून जायचे, तर त्यांच्या नंबर प्लेटचा आणि सोडतीच्या शेवटच्या आकड्याचा संबंध मी शोधून काढला. कांद्याचा भाव चढला की आकडा सम, उतरला की विषम. मी सात म्हणालो की आठ लागायचा, आठ म्हणालो की सात. इतकं जवळ जाणं हे काय येरागबाळ्याचं काम आहे? शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "शेठ, तुम्ही सांगता तेवढा आकडा सोडून बाकीचे सगळे घेतले तर?" त्याने खरंच तसं केलं, आणि नेमका त्या दिवशी माझा आकडा लागला. पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. माझ्याकडे त्या दिवशी तिकीट नव्हतं, पण तो विषय वेगळा.

ही हकीकत मात्र माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांची जास्त आहे.

सासरे मूळचे देवळा तालुक्यातले, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुक्काम देवळाली कॅम्प. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला जावईबापू म्हणायचे. त्यातला मान किती आणि चिमटा किती, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नव्हतं. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक लिंबू टांगलं असतं तरी खाली आल्या नसत्या. जन्म तोफांजवळ गेल्यामुळे एका कानाने कमी ऐकू यायचं आणि जगालाही तसंच ऐकू येतं असा त्यांचा समज होता. ते देवळालीत सकाळी 'राम राम' म्हणाले की नाशिकरोडला लोक अंथरुणात उठून बसायचे.

सासूबाई गेल्यावर ते एकटे राहत होते. आमचं घर द्वारकेपासून दोन गल्ल्या आत. पण लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुन्या माणसांची रीत त्यांनी फौजेतल्या हुकमासारखी धरून ठेवलेली. नातवंड झालं की हे सुटतं म्हणतात, पण आमच्याकडे अजून पाळणा हलायचा होता. ते आमच्याकडे यायचे ते कापडी खोळीतली फौजी बाटली खांद्याला लटकवून. खुर्चीवर ताठ बसायचे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी स्वतः प्यायचे आणि उठून जायचे. बायको दारात उभी राहून ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत राहायची.

एका थंडीत ते न्हाणीघरात घसरून पडले. दाराला आतून कडी. दूधवाला हाका मारून थकला तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं. मामांचा पाय घोट्याशी भोपळ्याएवढा सुजलेला, आणि तशा अवस्थेत ते शेजाऱ्यांना दार तोडल्याबद्दल फैलावर घेत होते.

"अहो, बाबांना इथे आणा," बायको म्हणाली. "पुढच्या वेळी दूधवाला गावाला गेलेला असेल."

एवढं बोलून ती पोळ्या लाटायला बसली. त्या दिवशीच्या पोळ्यांचा एकही आकार ओळखीचा नव्हता.

मी देवळालीला गेलो आणि विषय काढला.

"लेकीच्या घरी राहायला मी काय रिटायर झालोय?" मामा म्हणाले.

"झाला आहात की, मामा."

"नोकरीतून. अकलेतून नाही."

मी परत आलो. नंतर दोनदा गेलो, दोनदा परत आलो. सुभेदाराला उचलून आणता येत नाही, आणि समजावून आणायचं तर त्यांना ऐकू येणारा कान नेहमी दुसऱ्या बाजूला असायचा.

याच सुमाराला ऑनलाइन लॉटरी आली. दोन हजार सालाच्या पुढची ती पहिली दोन-चार वर्षं. कागदी तिकिटं मागे पडली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मशीनवाले स्टॉल उभे राहिले. एक ते एकोणपन्नासमधले सहा आकडे आपण निवडायचे, मशीन तिकीट छापून देणार, आणि साही जुळले तर जॅकपॉट. माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे असा एक स्टॉल सुरू झाला. चालवणारे मालेगावचे एक चाचा. रोजच्या सोडतीचे सहा आकडे ते एका मोठ्या फळ्यावर ठसठशीत लिहायचे, एका दिवसाखाली दुसरा दिवस.

मामांचा पाय दाखवायला द्वारकेच्या डॉक्टरकडे आणलं होतं. नंबर यायला वेळ होता म्हणून ते माझ्या दुकानात, दुरुस्तीला आलेल्या एका स्कूटरवर बसले होते.

"जावईबापू, तो समोर फळ्यावर कसला रिपोर्ट लिहिलाय?"

"रिपोर्ट नाही, मामा. लॉटरीचा निकाल."

"काहीतरी सांगू नका. तो फायरिंगचा रिपोर्ट आहे." त्यांनी बोट दाखवलं. "चार, अकरा, एकोणीस, सव्वीस, तेहतीस, अडतीस. तोफ अलीकडून मारत मारत पुढे चाललीय. प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा लांब."

"योगायोग असेल."

"खालची ओळ वाचा."

वाचली. लहान आकड्यापासून मोठ्याकडे, पायऱ्यांसारखी.

"त्याच्या खालची?"

तीही तशीच.

"योगायोग असा रांगेत उभा राहत नाही," मामा म्हणाले.

माझ्या अंगावर असा काटा आला की रेक्झिनला भोकं पडली. रोज उठून नक्षी बघणारा मी, आणि नाकासमोरच्या फळ्यावर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे चढत जाते हे मला दिसू नये? आम्ही डॉक्टरकडे गेलोच नाही. नंबर पुकारून पुकारून कंपाउंडरचा घसा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर मामा शटरसमोर उभे. खांद्याला एका बाजूला पाण्याची बाटली, दुसऱ्या बाजूला दुर्बीण.

मग ते रोज यायला लागले. देवळालीहून बसने यायचं, पाय ओढत रस्ता ओलांडायचा, नवीन कव्हर घातलेल्या स्कूटरवर बसायचं आणि दुर्बिणीतून समोरचा फळा न्याहाळायचा. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी सांगायचो, आमच्याकडे प्रत्येक सीटची फौजी तपासणी होते. धंदा दुप्पट झाला. ट्रॅफिक हवालदाराला वाटलं कोणीतरी मोठा साहेब चौकावर नजर ठेवून आहे, म्हणून तो शिट्टी मारायला लागला. त्याला बघून रिक्षावाले सिग्नलला थांबायला लागले. द्वारकेला सिग्नलला रिक्षा थांबली, हे पाहायला लोक सिन्नरहून यायचे.

आणि आमचा सिद्धांत? तो एकदाही खोटा ठरला नाही. एकदाही. पहिला आकडा लहान, शेवटचा मोठा आणि मधले चढत्या क्रमाने, असं आम्ही आदल्या दिवशी म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर अगदी तसंच. नेमके आकडे तेवढे वेगळे असायचे. मामा म्हणत, दिशा सापडलीय, आता फक्त पल्ला सापडायचा बाकी आहे. एकदा तीन आकडे जुळून छोटंसं बक्षीस लागलं, तेव्हा त्यांनी मला झणझणीत मिसळ खाऊ घातली. पैसे त्यांनी दिले. पाणी प्याले ते आपल्या बाटलीतलं.

घरी बायको मला विचारायची, "आज आले होते का? पाय कसा आहे? जेवले का?" जन्मात पहिल्यांदा माझ्या लॉटरीवर ती खूश होती.

एका सकाळी मी तिकीट काढायला समोर गेलो तर चाचा एका चिठ्ठीवरचे आकडे फळ्यावर उतरवत होते. एक लिहीत, चिठ्ठीत बघत, पुसत, दुसरा लिहीत.

"चाचा, हे काय चाललंय?"

"लाइन में लगा रहा हूँ. मशीनमधून नंबर कसे पण निकलते, आगे पीछे. छोट्याकडून मोठ्याकडे लिहिलं की गिऱ्हाइकाला तिकिटाशी जुळवायला बरं पडतं." त्यांनी खडू खाली ठेवला. "क्या हुआ शेठ? चेहरा क्यूँ उतर गया?"

चेहरा नुसता उतरला नव्हता, गोदावरीच्या पात्रापर्यंत जाऊन आला होता. इतके दिवस सुभेदार दुर्बिणीतून जो तोफखाना बघत होते, तो चाचांच्या खडूतून निघत होता. हे त्यांना कळलं तर ते पहिली बस पकडून देवळालीला जाणार, परत न्हाणीघराला आतून कडी लागणार, आणि बायको दूधवाल्याच्या भरवशावर जगणार.

"चाचा, एवढं सुभेदारांना सांगू नका."

"बड़े मियाँ को? मी कशाला सांगू? ते दुर्बीण घेऊन बसायला लागल्यापासून माझ्या स्टॉलला पाकीटमार येत नाही."

एक दोर पक्का झाला. आणि दुसरा मामांनी आपणहून हातात दिला. त्याच आठवड्यात मामा स्कूटरवरून उतरून म्हणाले, "रोज बसने येण्यात वेळ फुकट जातो. ओपी टार्गेटच्या जवळ पाहिजे."

ओपी म्हणजे ज्या जागेवरून गोळा कुठे पडला ते बघतात, ती चौकी. तोफ कुठेही असो, बघणारा जवळ असावा लागतो, आणि चौकीवरचा माणूस मारा संपेपर्यंत जागा सोडत नाही. हे मला त्यांनीच समजावलं होतं. मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने पुढचं वाक्य येऊच दिलं नाही.

"गच्चीवरची खोली रिकामी आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ते मामांच्या कानावर घातलं. "भाड्याने," मामा म्हणाले.

"भाड्यानेच," मी म्हणालो. "पावतीसकट."

ते आले. एक लोखंडी ट्रंक, एक खाट, दुर्बीण आणि बाटली. पण आले ते भाडेकरू म्हणून. डबा खाणावळीतून यायचा. पाणी चौकातल्या पाणपोईवरचं. सकाळ-संध्याकाळ दुखरा पाय ओढत जिना उतरायचे, पाणपोईवर बाटली भरायची, परत जिना चढायचे. खाली स्वयंपाकघरात बायको त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत उभी असायची.

"एकाच छपराखाली आहोत आणि बाबांना पाणी रस्त्यावरचं," ती म्हणाली. "हे तर देवळालीपेक्षा वाईट झालं. तिथे निदान जिना नव्हता."

मला त्याहून मोठी काळजी टीव्हीची होती. संध्याकाळच्या बातम्या ऐकायला मामा खाली आमच्या हॉलमध्ये यायचे. बातम्या भाड्यात धरलेल्या आहेत, असं मी त्यांना पटवून दिलं होतं. आणि बातम्या संपल्या की दुसऱ्या चॅनेलवर लॉटरीची सोडत दाखवायचे. काचेचं मोठं भांडं, आत उड्या मारणारे रंगीत चेंडू, आणि एकेक चेंडू आपल्या मर्जीने बाहेर. आधी चाळीस, मग तीन, मग वीस, कसलीच रांग नाही. मामांनी ते एकदा पाहिलं की संपलं.

म्हणून बातम्या संपता संपता आमच्या केबलची वायर उंदीर कुरतडायचा. मागे हात घालून मी पिन काढून ठेवायचो, पडद्यावर मुंग्या यायच्या, मी उंदरांच्या नावाने बोटं मोडायचो आणि मामा वर जायचे.

"अहो," बायको एकदा म्हणाली, "तुमच्या उंदराला घड्याळ कळतं का? रोज ह्याच वेळेला बरा येतो."

मग तिला सगळं सांगावं लागलं. चाचांचा खडू, चढते आकडे, काचेचं भांडं. ती हसली नाही.

"म्हणजे सोडत दिसली की बाबा जाणार."

"दिसणारच नाही. उंदीर माझा आहे."

पण मी विसरलो होतो की तोफेशी पोचायच्या आधी फौजेत वायर जोडायला शिकवतात. एका संध्याकाळी मुंग्या आल्या, मी उंदराला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर मामांनी खिशातून पक्कड काढली. टीव्हीच्या मागे वाकले, खुडबूड केली आणि सरळ झाले.

"उंदीर कुरतडतो, जावईबापू. पिन काढून शेजारी ठेवत नाही."

मग बातम्यांचं चॅनेल लावायला म्हणून त्यांनी रिमोट दाबला आणि नेमकं ते काचेचं भांडं समोर आलं. चेंडू उड्या मारत होते. बायको लाटणं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली.

पहिला चेंडू निघाला. चव्वेचाळीस.

मामा पुढे झुकले. "काय शे हे?" म्हणाले. मनात गडबड झाली की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची, हे मला माहीत होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

दुसरा सहा. तिसरा सदतीस. चौथा तेरा. पाचवा एकोणतीस. सहावा बावीस. मी सांगतोय तसेच, त्याच क्रमाने आले. कोणाला शंका असेल तर चाचांचा त्या दिवसाचा फळा बघावा. अर्थात तिथे त्यांनी ते रांगेत लावलेले असणार.

टीव्हीवरची बाई हसत हसत आकडे परत वाचत होती. मामांच्या मिशांची टोकं पहिल्यांदाच जराशी खाली आल्यासारखी वाटली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत देवळालीची बस उभी होती.

"लांब," मामा म्हणाले.

"काय, मामा?"

"चव्वेचाळीस, लांब पडला. सहा, अलीकडे पडला. सदतीस, लांब, पण आधीपेक्षा कमी. तेरा, अलीकडे, पण आधीपेक्षा जवळ. एकोणतीस. बावीस." दोन्ही तळहात लांब धरून त्यांनी ते हळूहळू एकमेकांजवळ आणले. "कसा आवळत आणलाय बघा. याला म्हणतात मारा. तो फळ्यावरचा सरळ पुढे पुढे जाणारा मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. तसं शिकाऊ पोरं मारतात. हा तोफची मुरलेला आहे."

मिशा परत जागेवर गेल्या होत्या. माझ्या सिद्धांतांचं हेच होतं. बुडताना दिसतात आणि पुढच्या वळणावर घोड्यावर बसून येतात.

त्यांना फळ्याचं आधीपासून माहीत होतं का, असं बायकोने नंतर मला विचारलं. मी त्यांना कधी विचारलं नाही. दुर्बिणीतून माणसाला रस्त्यापलीकडचा फळा दिसतो, तसा तो पुसून परत लिहिणारा हातही दिसत असणार. पण उत्तर माहीत असल्याशिवाय सासऱ्यांना प्रश्न विचारायचा नाही, इतपत नक्षी मला समजते.

"वरच्या खोलीतून हे दिसणार नाही," मामा म्हणाले. "ओपी इथे हलवावी लागेल. ट्रंक खाली आणा."

मी ट्रंक आणली. हॉलच्या कोपऱ्यात दिवाण होता, त्याच्याखाली ती सरकवली. मामांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि सवयीने बाटली तोंडाला लावली. रिकामी होती. ते उठले. पाणपोई, दोन गल्ल्या, दुखरा पाय. दारापर्यंत गेले, तेवढ्यात टीव्हीवरची बाई म्हणाली की छोट्याशा विश्रांतीनंतर दुसऱ्या एका लॉटरीची सोडत.

मामा दारात थांबले. एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा टीव्हीकडे. मारा चालू असताना चौकी सोडायची नाही, हा नियम त्यांनी जन्मभर पाळलेला. आणि लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हाही.

ते परत येऊन खुर्चीत बसले आणि टीव्हीवरची नजर न काढता बाटली धरलेला हात मागे केला.

"भरून आण."

बायको जागची हलली नाही. "बाबा, आपल्या नळाचं?"

"नळ जावयाचा असेल," मामा म्हणाले. "पाणी म्युनिसिपालटीचं आहे."

तिने बाटली घेतली. आत नळ चालू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला. ती बाटली एवढी मोठी नव्हती. मी उठलो नाही, कारण दुसऱ्या सोडतीचं भांडं फिरायला लागलं होतं आणि त्या क्षणी मला पहिला चेंडू स्वच्छ दिसत होता.

"अठरा," मी म्हणालो.

एकोणीस निघाला.

"अलीकडे पडलात, जावईबापू," मामा म्हणाले आणि लेकीच्या हातातून बाटली घेऊन घटाघटा पाणी प्याले. "पण जवळ आहात. बसा."